सगुणाबाईची राजपरीक्षा

एका जंगलात राजाचं पोट बिघडलं आणि प्रजेच्या हृदयात धडधड सुरू झाली.

मुलांनो, हसू नका. असं होतं. राजाला शिंक आली की प्रजेनं नाक पुसायचं असतं. तुम्ही मोठे झालात की तुम्हीही पुसाल.

झालं ते असं. सिंहमहाराजांनी एका मेजवानीत अडीच रानडुकरं खाल्ली. मग त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. ते चारी पाय ताणून आडवे झाले आणि म्हणाले, "आमचं हृदय!" ते 'आमचं पोट' म्हणाले असते, तर ओव्याच्या चार दाण्यांत काम भागलं असतं आणि ही गोष्टही इथेच संपली असती. पण राजेलोकांना पोट नसतं. त्यांना हृदय असतं, आणि तेही विशाल.

राजवैद्य धनेश्वरशास्त्री धावत आले. हे जातीचे धनेश पक्षी. त्यांची चोच मोठी आणि चोचीवर आणखी एक चोच. बघणाऱ्याला वाटावं, ज्ञान खाली मावेना म्हणून यांनी वर माळा काढलाय.

शास्त्रीबुवांकडे हृदयाच्या तीन तपासण्या होत्या. तिन्हींत सुई टोचायला लागायची नाही की कातडीला चीर द्यायला लागायची नाही.

पहिली तपासणी आठ पायांच्या ताराबाई कोळिणीची. ती रोग्याला निजवून त्याच्या अंगाला दहा तारा चिकटवायची. हृदयाचा ठोका तारेतून यायचा, तशी ती भूर्जपत्रावर वरखाली रेघ ओढत जायची.

दुसरी पळण्याची. त्यातही ताराबाईच्याच तारा. पण रोग्यानं निजायचं नाही, एका फिरत्या ओंडक्यावर पळायचं. हृदयाला काम पडलं की रेघ कशी वागते, ते ताराबाई पाहायची.

तिसरी वाघुळपंतांची. वाघुळपंत म्हणजे वटवाघूळ. ते उलटे टांगून घ्यायचे, रोग्याच्या छातीवर बारीक आवाज सोडायचे आणि परत आलेला आवाज ऐकून सांगायचे, की आतल्या झडपा कशा उघडतात, भिंती किती जाड आहेत, पिशवी नीट आवळते की नाही.

तिन्ही तपासण्या चांगल्या होत्या बरं का. कुऱ्हाड चांगली, खुरपंही चांगलं. फक्त खुरप्यानं झाड तोडायचं नसतं आणि कुऱ्हाडीनं कांदे खुरपायचे नसतात. एवढं कळायला राजवैद्य व्हावं लागत नाही. झालं, तर कळायचं बंद होतं.

"महाराज, ओंडक्यावर जरा पळता का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"आम्ही? पळायचं?" महाराज म्हणाले. "आमच्यापुढे बाकीचे पळतात."

"मग तारा लावू. फक्त छातीवरचे केस थोडे कातरावे लागतील."

महाराजांनी नुसती जीभ ओठांवरून फिरवली. शास्त्रीबुवांना वाघुळपंतांची आठवण झाली.

वाघुळपंतांनी ऐकलं आणि सांगितलं, "हृदय ठणठणीत." तोवर महाराजांना एक दणदणीत ढेकर आला आणि त्यांची छाती मोकळी झाली. महाराजांना वाटलं, आपण तपासणीनंच बरे झालो. त्यांनी त्याच दिवशी दवंडी पिटवली. वाघुळपंतांच्या तपासणीला यापुढे राजपरीक्षा म्हणावं. प्रजेनंही हीच करून घ्यावी. राजाला जी लागू पडली, ती सशाला लागू न पडायला ससा काय राजापेक्षा मोठा आहे?

वडाखाली राजहृदयशाळा उघडली. दारावर पाटी लागली : 'सुई नाही, चीर नाही, चिंता नाही.' आणि रांग लागली.

आता सगुणाबाईकडे येऊ.

सगुणाबाई साळिंदर. म्हणजे पाठीवर काटे असतात ती. आपल्या नवऱ्यासोबत, भिवाजीसोबत, ती टेकडीच्या माथ्यावर एका बिळात राहायची. रोज सकाळी ती खाली नदीकाठी उतरायची, कंद उकरायची, गाठोडं बांधायची आणि चढून घरी यायची. अशी तिची वीस वर्षं गेली होती.

पण गेले दोन महिने टेकडीच्या मधल्या वळणावर आलं की तिला छातीवर कुणी तरी बसल्यासारखं वाटे. डावा जबडा ठणके. ती पळसाखालच्या दगडावर टेकायची. पाचदहा मिनिटांत छातीवरचा भार उतरायचा. मग ती उठून पुढं जायची आणि स्वतःशीच म्हणायची, वय झालं.

एकदा तिनं भिवाजीला सांगितलं.

"दात असेल," भिवाजी म्हणाला. "आपल्या जातीचे दात मरेपर्यंत वाढतात. दुखायचेच. लवंग धर."

तिनं लवंग धरली. जबड्याला वास आला, पण वळणावरचं दुखणं गेलं नाही.

भिवाजी वाईट नव्हता. त्याला भीती वाटली की तो दाताचं नाव घ्यायचा, एवढंच. सगुणाबाईला मात्र तिची आई आठवत होती. आई अशीच एका चढावर टेकली होती. "जरा बसते, तुम्ही व्हा पुढं," असं म्हणाली होती. सगळे पुढं झाले. आई काही आली नाही.

म्हणून एके दिवशी सगुणाबाई कुणाला न सांगता ठोकेनानांकडे गेली.

ठोकेनाना हे म्हातारे सुतारपक्षी. एका डोळ्यानं अधू. झाड आतून भरीव आहे की पोकळ, हे त्यांना बाहेरून ठोकून कळायचं. राजहृदयशाळा निघाल्यापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे, कारण त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. ते नुसते प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न विचारणाऱ्या वैद्याला काही येत नाही, असं लोक समजतात.

"कुठं दुखतं?" नानांनी विचारलं.

तिनं दाखवलं.

"केव्हा दुखतं?"

"चढावर. मधल्या वळणावर."

"बसल्यावर?"

"थांबतं, नाना. जणू झालंच नव्हतं."

"घरात कुणाला होतं?"

तिनं आईचं सांगितलं.  नाना चोचीनं एक पान तोडून त्यावर टोचून टोचून लिहू लागले.

"हे बघ सगुणे. तुझं हृदय बसल्या जागी चांगलं वागतं. काम पडलं की रडतं. रक्ताची वाट कुठं तरी अरुंद झाली असावी. मग तुला निजवून तपासून काय मिळणार? चोर यायचा पहाटे आणि पहारा ठेवायचा भर दुपारी! तुला तारा लावून पळवायला हवं. पळणं झेपत नसलं, तर औषध देऊन हृदयालाच पळवतात आणि आतलं चित्र काढतात. ते नदीपलीकडे होतं. पण आधी इथं विचार."

"आणि राजपरीक्षा?"

"चांगली आहे. झडप बिघडली असेल, हृदयाची भिंत सैल पडली असेल, तर वाघुळपंतांसारखा कान नाही. पण तुझी तक्रार वेगळी आहे. तपासणी तक्रारीला बघून निवडायची असते गं. मिरवणुकीला बघून नव्हे."

त्यांनी तिला पान दिलं. सोबत एका मुळीच्या दहाबारा गोळ्या दिल्या. "दुखलं की बसायचं आणि एक जिभेखाली ठेवायची. बसून ठेवायची, उभ्यानं नको, घेरी येते."

पानावर लिहिलं होतं : 'चढावर दुखतं. बसलं की थांबतं. आई चढावर गेली. चढवून तपासा.'

मुलांनो, इतकं साधं पान होतं. चार वाक्यं. आता त्याचं काय झालं ते ऐका.

राजहृदयशाळेच्या दारात साळुंकी बसली होती. तिनं विचारलं, "नाव? राजपरीक्षा ना? बसा."

"हे पान बघता का? नानांनी—"

"पान आत द्या."

रांगेत सगुणाबाईच्या पुढं तात्या घोरपडे होते. घोरपडच, पण मानानं तात्या. यांना आयुष्यात कधी काही दुखलं नव्हतं. पण राजपरीक्षा तीनदा झाली होती आणि आज ते पळायच्या तपासणीसाठी आले होते.

"तुम्हाला काय होतंय, तात्या?" तिनं विचारलं.

"काही नाही. मेहुण्यानं केली, म्हटलं आपणही करावी."

तात्या शास्त्रीबुवांच्या ओळखीचे. त्यांना लगेच ओंडका मिळाला. ते पळाले. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही. तात्या ओंडक्याला इतके चिकटले की ओंडका थांबल्यावरही फिरत राहिले. रेघ मध्ये कुठं तरी जराशी थरथरली. ताराबाई म्हणाली, "ही शेपूट आपटल्याची थरथर आहे." पण शास्त्रीबुवा म्हणाले, "शंकास्पद!" झालं. ज्याला काही होत नव्हतं त्याला त्या एका शब्दानं घाम फुटला. तात्या त्या दिवसापासून बिळाबाहेर पडले नाहीत. बायको मुंग्या आणून तोंडात घालते, असं ऐकतो.

मग सगुणाबाई आत गेली.

शास्त्रीबुवांनी पान घेतलं, उलटं धरलं आणि बाजूला ठेवलं. त्यावरूनच नंतर त्यांनी फळ खाल्लं.

"काय होतंय, बाई?"

"चढावर छातीत दाबल्यासारखं होतं. जबडा—"

"जबडा दुखतो? मग दातांच्या वैद्याकडे जा."

"पण छाती पण—"

"घरी काही काळजी? नवऱ्याशी भांडण?"

"नाही."

"मग असेल. बायकांचं हृदय हळवं असतं. तुटतं फार, पण बंद पडत नाही. ते पुरुषांचं पडतं."

सगुणाबाईला आई आठवली. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, मला पळवून तपासाल का? नाना म्हणाले—"

"ओंडक्यावर? तुम्ही?" शास्त्रीबुवांनी तिच्या पाठीकडं पाहिलं. "पडलात तर सगळे काटे ओंडक्यात रुततील. तो ओंडका माननीयांसाठी आहे. आणि बाई, महाराजांना जी तपासणी पुरली ती तुम्हाला पुरत नाही?"

 सगुणाबाई टांगलेल्या वाघुळपंतांखाली निजली.

वाघुळपंत मन लावून ऐकत होते. ते लबाड नव्हते, हे सांगायला हवं. "झडपा छान," ते म्हणाले. "भिंती छान. आवळतंयही छान."

"पण मला आत्ता दुखतच नाहीये," सगुणाबाई म्हणाली. "मी निजलेय ना."

"मी जे ऐकतो ते सांगतो, बाई. जे ऐकू आलं नाही त्याचा अर्थ लावायचं काम शास्त्रीबुवांचं."

शास्त्रीबुवांनी अर्थ लावला. केळीच्या पानावर लिहिलं, 'हृदय उत्तम,' आणि त्यावर महाराजांच्या पंजाचा शिक्का मारला.

भिवाजीनं तो शिक्का पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं शेजारीपाजारी कंद वाटले. "म्हटलं नव्हतं, दात आहे!"

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई चढायला लागली आणि मधल्या वळणाच्या कितीतरी अलीकडेच तिच्या छातीवर तो भार येऊन बसला.

ती टेकली. गोळी जिभेखाली ठेवली. दुखणं ओसरलं. पण त्या दिवशी तिला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. कागदावर शिक्का आहे, मग आपल्याला दुखतं कसं? आपण ढोंग करतोय की काय? आपल्याला कुणी विचारावं म्हणून आपलं मनच हे खेळ करतंय का? ती वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसू लागली, जणू हवा खायला बसली आहे.

मग ती दुखणं लपवायला लागली. गाठोडं लहान बांधू लागली. भिवाजीनं विचारलं तर म्हणायची, "यंदा कंदच लहान आहेत." रोज बसायची जागा खाली खाली येत होती. पळसावरून करवंदीच्या जाळीपाशी आली. जाळीपासून खालच्या कातळाशी.

एके सकाळी ती बिळाच्या तोंडाशी नुसता केर काढत होती आणि दरदरून घाम आला. भार येऊन बसला. चढ नाही, गाठोडं नाही, हातात फक्त झाडू. तिनं गोळी ठेवली. या वेळी उतरायला वेळ लागला. बसल्या बसल्या तिला समोर भिंतीला टांगलेलं प्रशस्तिपत्र दिसत होतं. पान सुकून पिवळं पडलं होतं आणि शिक्का मात्र तसाच लालभडक होता.

"हे पान माझ्याआधी वाळलं," ती मनाशी म्हणाली. आणि मग तिला राग आला. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाठीवरचा काटान् काटा उभा राहिला.

ती नानांकडे गेली. नानांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "केर काढताना? मग आता थांबायचं नाही. आजच नदीपलीकडे जा."

"जाते. पण नाना, भिवाजी येणार नाहीत. त्यांचा शिक्क्यावर विश्वास आहे. आणि माझ्यासारख्या आणखी किती जणी तो कागद घेऊन घरी बसल्यात, कुणास ठाऊक. मला एकदा दाखवायचंय."

"दाखवण्यात जीव जायचा."

"न दाखवता आईचा गेला."

नानांनी पुष्कळ समजावलं. बाई ऐकेना. शेवटी ते म्हणाले, "मी बरोबर येणार. दहा पावलं चढायची. दुखलं की जागच्या जागी बसायचं. बहादुरी मुळीच करायची नाही."

ताराबाईला पटवणं अवघड होतं. "माझं जाळं त्यांच्या छपराला आहे," ती म्हणाली. "उद्या झाडूनं काढतील."

"तुला रोज रेघा दिसतात, ताराबाई. तुला कधी कुणी विचारलं, काय दिसतं म्हणून?"

ताराबाईनं आठही पाय जवळ घेतले. "नाही विचारलं," ती म्हणाली. "चल."

राजहृदयशाळेसमोरूनच टेकडीची वाट सुरू होते. तिथं त्या तिघांना पाहून रांग मोडली. ससे आले, माकडं झाडावर चढली, साळुंकी टेबल सोडून आली. भिवाजीही कुणाच्या तरी सांगण्यावरून धावत आला. शास्त्रीबुवा बाहेर येऊन गरजले, "हा काय तमाशा?"

"तपासणी," नाना म्हणाले.

सगुणाबाईनं आधी स्वस्थ बसून घेतलं. ताराबाईनं तिच्या छातीला तारा चिकटवल्या आणि तिच्या काट्यांत बसून रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ सरळ होती. ठोका, मध्ये सपाट, पुन्हा ठोका. शास्त्रीबुवांनी पाहिली आणि हसले.

सगुणाबाई चढू लागली. चार पावलं. सहा. आठव्या पावलाला तिचा श्वास जड झाला. नवव्याला तिनं पाय उचलला आणि तो तिथंच राहिला. छातीवर कुणी तरी बसलं, आणि या वेळी ते सबंध कुटुंब घेऊन बसलं. ती खाली टेकली. नानांनी गोळी जिभेखाली दिली. भिवाजीला तिचा चेहरा दिसला. इतका राखाडी चेहरा त्यानं एकदाच पाहिला होता, तिच्या आईचा.

ताराबाई रेघ ओढतच होती. ठोक्यांच्या मधली सपाट रेघ आता सपाट नव्हती. दोरीवर ओलं लुगडं टाकलं की दोरी खाली झोल खाते, तशी ती प्रत्येक ठोक्यामागे खाली गेली होती. मग गोळी विरघळली, सगुणाबाईच्या कपाळावरचा घाम निवला, आणि रेघ हळूहळू वर येत पुन्हा सरळ झाली.

ताराबाईनं भूर्जपत्र वर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्यानं बोलली. "बघा! बसल्यावर सरळ. चढल्यावर झोल. पुन्हा बसल्यावर सरळ. हे मन नाही आणि दातही नाही."

सगळे माना लांब करून रेघ बघू लागले. माकडंसुद्धा.

वाघुळपंत छपराला लटकल्या लटकल्या हळूच म्हणाले, "मी निजलेलं हृदय ऐकलं होतं. चढणारं मला कुणी ऐकवलंच नाही."

सगळे शास्त्रीबुवांकडे पाहू लागले. शास्त्रीबुवांनी भूर्जपत्र घेतलं. या वेळी सरळ धरलं. बराच वेळ पाहिलं. त्यांची खालची चोच उघडली, वरची हलली, आणि चोचीवरच्या माळ्यातून एक मोठा विचार खाली उतरला.

"प्रजाजनहो," ते म्हणाले, "पायथ्याशी या बाईंचं हृदय कसं होतं?"

"चांगलं!"

"टेकडीवर?"

"वाईट!"

"हृदय तर तेच होतं. मध्ये बदललं काय?"

लोक एकमेकांकडं पाहू लागले.

"टेकडी!" शास्त्रीबुवा गरजले. "हृदय राजपरीक्षेत उत्तीर्ण आहे. त्यावर महाराजांचा पंजा आहे. तो खोटा कसा असेल? दोष टेकडीत आहे!"

आणि मुलांनो, टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. ज्यांच्या घरी तसलेच शिक्क्याचे कागद होते, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. कागद खोटा निघण्यापेक्षा टेकडी खोटी निघालेली बरी.

संध्याकाळच्या आत हुकूम निघाला. प्रजेच्या हृदयाला बाधक अशी ही टेकडी खणून सपाट करावी. आणि ताराबाई कोळिणीनं राजमान्य हृदयाच्या रेघेला परवानगीशिवाय झोल पाडला, म्हणून तिचं जाळं काढून टाकावं.

सगुणाबाई हे ऐकायला थांबली नव्हती. भिवाजीनं तिला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. साळिंदरानं साळिंदराला पाठीवर घ्यायचं म्हणजे काय होतं, ते तुम्हीच बघा. दोघांनाही लागलं. मग तो तिच्या बाजूनं चालू लागला, तिच्याच संथ पावलानं, आणि खूप वेळानं म्हणाला, "दात नव्हता गं."

"नव्हता," ती म्हणाली.

नदीपलीकडे एक पाणमांजर वैद्य होती. तिची शाळा नव्हती, पाटीही नव्हती. तिनं आधी नानांचेच प्रश्न पुन्हा विचारले. मग ताराबाईची रेघ पाहिली आणि म्हणाली, "आता तुम्हाला आणखी पळवणं म्हणजे आगीत काडी टाकून आग आहे का बघणं." तिनं सगुणाबाईला न पळवता रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. हृदयाची एक मोठी वाट गवताच्या काडीएवढी उरली होती. ती उघडायला बारीक नळी आत घालावी लागणार होती, आणि त्यासाठी सुई.

पाठीवर हजार सुया बाळगणारी सगुणाबाई त्या एका सुईला घाबरली. तिनं डोळे गच्च मिटले आणि भिवाजीचा पंजा धरला. भिवाजीनंही डोळे मिटले. सुई कुणाला टोचली, हे दोघांनाही नंतरच कळलं.

पंधरा दिवसांनी ते तिघं परत आले. तिसरी ताराबाई. जाळं काढल्यावर ती नदी ओलांडून सगुणाबाईच्या काट्यांतच राहायला आली होती.

टेकडी निम्मी उरली होती. माथा खणून काढला होता, आणि माथ्याबरोबर सगुणाबाईचं बीळही. रानडुकरं मुसंडी मारून माती उकरत होती, हत्ती ती सोंडेनं फेकत होते, माकडं ढोल वाजवत होती. सगुणाबाईला पाहताच एकच गलका उठला.

शास्त्रीबुवा ढिगाऱ्यावर चढले. "बाई, दुखतं का आता?"

"नाही," ती म्हणाली. "कारण नदीपलीकडे माझी—"

"ऐकलंत?" शास्त्रीबुवांनी पंख पसरले. "टेकडी निम्मी झाली आणि बाईंचं दुखणं थांबलं! पूर्ण गेली की त्या पुन्हा तरण्या होतील!"

"अहो, माझी वाट अडली होती! ती नळी घालून—"

ढोल वाजले. तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडली आणि काट्यांत अडकून तुटली. ती पुन्हा बोलली. पुन्हा ढोल वाजले. समोरच्या गर्दीत एक म्हातारी ससीण उभी होती. तिनं एक हात छातीवर धरला होता आणि दुसऱ्या हातानं ती खणणाऱ्यांना गूळपाणी देत होती.

सगुणाबाई गर्दीतून तिच्यापर्यंत गेली. "मावशी, तुम्हाला कुठं दुखतं?"

"चढावर," ससीण म्हणाली. "पण आता टेकडीच जाणार ना."

"माझ्याबरोबर नदीपलीकडे चला. मी सोबत येते."

ससिणीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं लोक सरकारी कामात अडथळा आणणाऱ्याकडं पाहतात. "तू बरी झालीस म्हणून आता आमची टेकडी अडवतेस होय?" ती म्हणाली, आणि पुढच्या रानडुकराला पाणी द्यायला निघून गेली.

 सगुणाबाईनं भिवाजीला हाक मारली आणि ते तिघं नवं बीळ शोधायला पलीकडच्या डोंगराला लागले. तो डोंगर टेकडीच्या दुप्पट होता. सगुणाबाई एकदाही न थांबता चढली. भिवाजी मागं राहिला आणि दम खात बसला, तेव्हा वरून वळून ती ओरडली, "अहो, तुम्हाला कुठं दुखतंय का?"

"पायात काटा गेलाय," तो म्हणाला. "तुझाच."

माथ्यावर पोचल्यावर त्यांना दिसलं, की तिथं चार कावळे दोऱ्या धरून उभे आहेत. ते डोंगराची उंची मोजत होते.

तात्पर्य, ज्यांना त्यावाचून झोप येत नाही त्यांच्यासाठी : मुलांनो, हृदयाची तपासणी निवडताना आपल्याला काय होतंय, केव्हा होतंय, असल्या क्षुल्लक गोष्टींत शिरू नये. राजाला काय झालं होतं, तेवढं विचारावं. शिक्का मिळाला की भिंतीला लावावा. त्यानंतरही दुखलंच, तर फावडं घ्यावं आणि जो चढ चढताना दुखतं तो खणून काढावा. आणि एवढं सगळं करूनही कुणी बरं झालंच, तर त्याला बोलू देऊ नये.